२२४ मीटर की ४२० मीटर?

२७ नोव्हेंबर २०२० रोजी भारताचा कार्टोसॅट-२एफ आणि रशियाचा कॅनोपस-व्ही हे दोन उपग्रह एकमेकांच्या फार जवळून गेले. दोन्ही पृथ्वीची छायाचित्रं घेणारे, दोन्ही कामावर असलेले. रशियाच्या रॉसकॉसमॉस या अवकाश संस्थेने जाहीर केलं, की सातशे किलोहून जड असलेला भारतीय उपग्रह आपल्या उपग्रहापासून अवघ्या २२४ मीटरवर आला होता. इस्रोचे तेव्हाचे अध्यक्ष के. सिवन यांनी सांगितलं, की आम्ही चार दिवसांपासून त्यावर नजर ठेवून आहोत, अंतर ४२० मीटरच्या आसपास आहे, आणि ते १५० मीटरपर्यंत घटलं तरच उपग्रह हलवावा लागतो. दोन्ही आकडे छापून आले. वाचणाऱ्याला साहजिकच प्रश्न पडला, की यातलं खरं कोण बोलतंय?

दोघंही प्रामाणिकपणे बोलत होते, असं मानायला पुष्कळ जागा आहे. साधारण ५०० किलोमीटर उंचीवर उपग्रहाचा वेग सेकंदाला ७.६ किलोमीटर असतो. दोन आकड्यांमधला फरक १९६ मीटरचा. एवढं अंतर उपग्रह सेकंदाच्या सुमारे चाळिसाव्या भागात तोडतो. मॉस्कोच्या आणि बंगळुरूच्या गणितात तेवढ्याच वेळेचा फरक पडला असेल, तर दोघांपैकी एकालाही खोटं ठरवणं अन्यायाचं होईल. मुळात बातमीत जो एकच आकडा येतो तो अर्धवट असतो. अभियंत्याच्या टेबलावर तो कधी एकटा येत नाही. त्याच्यासोबत आणखी एक संख्या असते: या अंतरात किती चूक असू शकते, हे सांगणारी. उपग्रहांच्या टक्करीची जोखीम मोजण्याचं सगळं शास्त्र या दुसऱ्या संख्येभोवती फिरतं, आणि तीच लोकांपर्यंत पोचत नाही.

उपग्रह कुठे आहे हे कळतं कसं, इथून सुरुवात करू. चालू उपग्रहावर बहुधा जीपीएससारख्या यंत्रणेचा रिसीव्हर असतो, त्यामुळे त्याच्या मालकाला त्याची जागा काही मीटरपर्यंत ठाऊक असते. बंद पडलेला उपग्रह, रॉकेटचा वर राहून गेलेला टप्पा, स्फोटात उडालेला पत्रा यांच्याकडे असं काही नसतं. त्यांना जमिनीवरची रडारं आणि दुर्बिणी शोधतात. एखादी वस्तू रडारच्या टप्प्यात असते ती काही मिनिटंच. तेवढ्यात तिचं अंतर, दिशा आणि वेग टिपायचा, अशा काही दिवसांच्या तुटक नोंदींवरून तिची कक्षा बसवायची, आणि मग ती कक्षा पुढे नेऊन सांगायचं की गुरुवारी पहाटे ही वस्तू अमुक ठिकाणी असेल.

मेख आहे ती या पुढे नेण्यात. पाचशे किलोमीटरवर हवा जवळजवळ नसते, पण अगदीच नसते असं नाही. त्या विरळ हवेचा अडथळा उपग्रहाला सतत मागे ओढत असतो. तो किती, हे वस्तूच्या आकारावर, वजनावर, ती कशी गिरक्या घेते यावर ठरतं, आणि त्या दिवशी सूर्याची लहर कशी आहे यावरही. सौर वादळ आलं की वातावरणाचे वरचे थर फुगतात. फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पेसएक्स कंपनीच्या स्टारलिंक ताफ्यातले ४९ उपग्रह आधी एका खालच्या, तात्पुरत्या कक्षेत सोडले होते. एका सौर वादळाने तिथली हवा इतकी दाट झाली, की त्यातले ३८ वर चढूच शकले नाहीत आणि खाली येऊन जळाले. अधिक उंचीवर इतका अनर्थ होत नाही. उपग्रह अंदाजापेक्षा किंचित आधी किंवा किंचित उशिरा पोचतो, एवढंच. पण सेकंदाला साडेसात किलोमीटर जाणाऱ्या वस्तूचा ‘किंचित उशीर’ शेकडो मीटरचा होतो. त्यामुळे उपग्रहाच्या उंचीतली चूक सहसा लहान असते आणि त्याच्या वाटेच्या दिशेतली फार मोठी. जितके दिवस पुढचा अंदाज बांधावा तितकी ती आणखी लांबते. अभियंते उपग्रहाभोवती एक लांबट अंड्याच्या आकाराचा भाग कल्पितात. उपग्रह त्यात कुठेतरी आहे, मधोमध असण्याची शक्यता जास्त, कडेला कमी. दोन उपग्रहांची भेट ही खरं तर अशा दोन अदृश्य आकारांची भेट असते.

हे हिशेब केवळ कागदावरचे नाहीत, हे जगाला १० फेब्रुवारी २००९ रोजी कळलं. त्या दिवशी भारतीय वेळेनुसार रात्री साडेदहाच्या सुमारास सायबेरियातल्या तैमिर द्वीपकल्पाच्या वर, ७८९ किलोमीटर उंचीवर, इरिडियम-३३ आणि कॉसमॉस-२२५१ एकमेकांवर आदळले. इरिडियम-३३ हा सॅटेलाइट फोनची सेवा देणारा ५६० किलोंचा अमेरिकी उपग्रह, पूर्णपणे चालू. कॉसमॉस-२२५१ हा १९९३ साली सोडलेला रशियन लष्कराचा दळणवळण उपग्रह, सुमारे ९०० किलोंचा आणि बरीच वर्षं निकामी. दोघांच्या वाटा जवळजवळ काटकोनात छेदत होत्या. आदळताना त्यांचा परस्परांशी वेग सेकंदाला ११.७ किलोमीटर होता. सेकंदाला दहा किलोमीटर वेगाने येणाऱ्या एक किलोच्या वस्तूत बारा किलो टीएनटीइतकी ऊर्जा असते. इथे दोन्ही बाजूंना शेकडो किलो होते. रडारला दिसतील असे दोन हजारांहून जास्त तुकडे झाले. लहान तुकड्यांची तर मोजदादच नाही. पूर्ण आकाराच्या दोन उपग्रहांची ती पहिली अपघाती टक्कर.

त्या दिवशीच्या अंदाजाचा तपशील मला आजही अस्वस्थ करतो. कुणालाच कल्पना नव्हती, असं नव्हतं. टी. एस. केल्सो यांच्या सेलेस्ट्रॅक संकेतस्थळावर ‘सॉक्रेटिस’ नावाची सेवा होती. सर्वांना खुल्या असलेल्या कक्षांच्या माहितीवरून, येत्या आठवड्यात कोणत्या वस्तू एकमेकींच्या जवळ येतील याची यादी ती काढायची. या दोन उपग्रहांची भेट त्या यादीत होती. अंदाज होता ५८४ मीटरचा. आणि त्या आठवड्यातली ती सर्वांत जवळची भेट नव्हतीच. खुद्द इरिडियमच्याच ताफ्यातल्या इतर उपग्रहांच्या काही भेटी तिच्याहून जवळच्या दिसत होत्या. खुल्या माहितीतली चूक किलोमीटरभर सहज असे. तेव्हा ‘५८४ मीटर’ या आकड्याचा खरा अर्थ ‘शून्यापासून दीडेक किलोमीटरपर्यंत कितीही’ असा होता. इरिडियमच्या एका अधिकाऱ्याने २००७ सालीच जाहीरपणे सांगितलं होतं, की पाच किलोमीटरच्या आतल्या अशा सूचना आम्हाला आठवड्याला सरासरी ४०० येतात. आठवड्याला चारशे वेळा ‘लांडगा आला रे आला’ ऐकणारा माणूस काय करील? प्रत्येक वेळी उपग्रह हलवायचा तर इंधन संपेल, सेवा कोलमडेल. कंपनीने काहीच हलवलं नाही, आणि हातातल्या माहितीच्या आधारे तिला दोष देणं कठीण आहे. माहितीच अपुरी होती. अधिक अचूक कक्षा अमेरिकी लष्कराकडे होत्या, पण तेव्हा ते त्या कक्षा वापरून सरसकट सगळ्या उपग्रहांची तपासणी करत नव्हतं. त्या अपघातानंतर ते सुरू झालं.

आता हे काम असं चालतं. अमेरिकी अवकाश दलाची तुकडी आपल्या यादीतली प्रत्येक वस्तू चालू उपग्रहांशी ताडून पाहते. दोन वस्तू ठरावीक मर्यादेच्या आत येणार असं दिसलं, की मालकाकडे एक संदेश जातो. त्याचं नाव कंजंक्शन डेटा मेसेज. बहुधा आठवडाभर आधी पहिला संदेश येतो आणि नव्या नोंदी मिळतील तसे पुढचे. त्यात भेटीची वेळ असते, किमान अंतर असतं, ते अंतर उंचीच्या, वाटेच्या आणि आडव्या दिशेत फोडून दिलेलं असतं. आणि त्या लांबट अंड्याचं माप देणारा आकड्यांचा चौकोनी तक्ताही असतो. अनुभवी माणूस हा संदेश उघडतो तेव्हा अंतराकडे नंतर पाहतो, आधी या तक्त्याकडे.

या सगळ्यातून टक्करीची संभाव्यता कशी निघते, ते सावकाश पाहायला हवं, कारण इथेच एक फसवं वळण आहे. भेटीचा क्षण इतका छोटा असतो, की तेवढ्या वेळात दोन्ही उपग्रह सरळ रेषेत जातात असं मानता येतं. मग एक काल्पनिक पडदा घ्यायचा, उपग्रहांच्या परस्पर वेगाला काटकोनात. दोघांच्या चुका एकत्र करून पडद्यावर एकच लंबगोल काढायचा. दोघांच्या शरीराची त्रिज्याही एकत्र करून एक छोटं वर्तुळ काढायचं. लंबगोलात पसरलेल्या शक्यतेचा किती भाग या छोट्या वर्तुळात पडतो, ती टक्करीची संभाव्यता. नासा, युरोपीय अवकाश संस्था आणि इतर बहुतेक जण दहा हजारात एक या संभाव्यतेला हालचालीची रेषा मानतात. आकडा त्यावर गेला की उपग्रह हलवायची तयारी सुरू होते.

आता एक उदाहरण घेऊ. सोयीसाठी लंबगोलाऐवजी चूक सगळीकडे सारखी मानू, आणि दोन्ही उपग्रहांची एकत्रित त्रिज्या १० मीटर. अंदाजानुसार दोघं एकमेकांपासून ३०० मीटरवरून जाणार आहेत. अंदाजातली प्रमाण चूक एक किलोमीटर असेल, तर संभाव्यता येते सुमारे २१,००० मध्ये एक. रेषेच्या खाली. मग नव्या नोंदी आल्या, चूक २०० मीटरवर आली. अंतर तेच, ३०० मीटर. संभाव्यता होते सुमारे २,५०० मध्ये एक, रेषेच्या चांगलीच वर. आणखी नोंदी आल्या, चूक ५० मीटरवर उतरली. संभाव्यता अब्जात एकापेक्षाही कमी. तिन्ही वेळा उपग्रह तेच, वाट तीच, अंतर तेच. बदललं ते फक्त आपलं ज्ञान.

पहिली पायरी पुन्हा पाहा. तिथे आकडा लहान होता, कारण आपल्याला फारसं काही माहीतच नव्हतं. शक्यता इतक्या मोठ्या जागेत पातळ पसरली होती, की कोणत्याही एका छोट्या वर्तुळाच्या वाट्याला नगण्य भाग आला. टोकाचं उदाहरण घ्या: अंदाज सांगतो की अंतर शून्य आहे, म्हणजे नेम अगदी मधोमध. चूक एक किलोमीटरची असेल तर या थेट नेमाचीही संभाव्यता २०,००० मध्ये एक भरते. दहा हजारात एकच्या रेषेखाली, म्हणजे कागदोपत्री सुरक्षित! जो रडारवर पैसा खर्च करत नाही, ज्याच्या नोंदी अंदाजपंचे दाहोदरसे आहेत, त्याला हे गणित सतत ‘काळजी नको’ असं सांगत राहील. या विषयातल्या सगळ्या सूत्रांपैकी कोणती एक गोष्ट लोकांनी लक्षात ठेवावी असं मला कुणी विचारलं, तर मी ही सांगेन. लहान संभाव्यता दोन कारणांनी येते, खऱ्या सुरक्षिततेमुळे किंवा अज्ञानामुळे, आणि नुसता आकडा पाहून दोघांतला फरक कळत नाही. म्हणून चांगल्या संस्था संभाव्यतेसोबत, चूक कमी झाली तर ती जास्तीत जास्त किती वाढू शकते, हेही काढून ठेवतात.

दहा हजारात एक ही रेषा कुठून आली, तर कुठल्याही नियमातून नाही. ती तडजोड आहे. प्रत्येक हालचालीला इंधन लागतं आणि इंधन हे उपग्रहाचं आयुष्य. शिवाय हालचालीसाठी कॅमेरे बंद करावे लागतात, कामाचं वेळापत्रक मोडतं. एकट्या उपग्रहाला ही रेषा परवडते. हजारो उपग्रह बाळगणाऱ्याला नाही, कारण प्रत्येक भेटीत शिल्लक राहणारा छोटा धोका तो हजारो वेळा पत्करत असतो आणि ते सगळं साचत जातं. स्टारलिंकने म्हणूनच आपली रेषा दहा लाखात एकपर्यंत आणि पुढे त्याहूनही खाली नेली. परिणामी डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या सहा महिन्यांत त्यांच्या उपग्रहांनी सुमारे ५०,००० वेळा वाट बदलली. हे निर्णय माणूस घेत नाही, उपग्रहांवरची आणि जमिनीवरची संगणकप्रणाली घेते.

वाट बदलणं म्हणजे मोठं काही नसतं. उपग्रहाच्या वेगात सेकंदाला एक सेंटिमीटर, मुंगी चालते त्या गतीइतका, फरक करायचा. पुढच्या दिशेने एवढा हलका धक्का दिला, की अर्ध्या प्रदक्षिणेनंतर उपग्रह ३६ मीटर उंच गेलेला असतो. उंचीतली चूक मुळात कमी असल्यामुळे हे ३६ मीटर पुष्कळदा पुरतात. तोच धक्का एक दिवस आधी दिला, तर वाटेच्या दिशेने उपग्रह अडीच किलोमीटरहून जास्त मागे पडतो. (पुढे ढकललं की उपग्रह मागे का पडतो? उंच कक्षा लांब असते आणि तिथे वेगही कमी, म्हणून.) तेव्हा लवकर हललं तर स्वस्तात सुटका होते. पण लवकर म्हणजे अज्ञान जास्त असताना. थांबावं तर कदाचित उद्याच्या संदेशात धोका आपोआप मावळेल, कारण बहुतेक वेळा तो मावळतोच. पण नाही मावळला तर हातात शेवटच्या एक-दोन प्रदक्षिणा उरतात. शिवाय नवी वाट पुन्हा सगळ्या यादीशी ताडून पाहावी लागते, नाही तर आगीतून फुफाट्यात पडायची वेळ. रोजच्या कामातली खरी ओढाताण इथे आहे.

ती ओढाताण २०१९ च्या सप्टेंबरमध्ये सर्वांसमोर आली. युरोपीय अवकाश संस्थेचा एओलस हा वारे मोजणारा उपग्रह ३२० किलोमीटर उंचीवर फिरत होता. स्टारलिंकचा एक उपग्रह त्याच उंचीवर उतरलेला होता. ऑगस्टच्या अखेरीस संभाव्यता सुमारे ५०,००० मध्ये एक होती. तेव्हा ईमेलवर बोलणं झालं आणि स्पेसएक्सने आपण काही करणार नाही असं कळवलं. त्या आकड्याला ते रास्तच होतं. मग पुढच्या संदेशांत संभाव्यता चढत गेली, दहा हजारात एकची रेषा ओलांडून हजारात एकपर्यंत. स्पेसएक्सच्या सूचना पोचवणाऱ्या यंत्रणेतल्या बिघाडामुळे तिकडच्या ड्युटीवरच्या माणसाला हे नवे आकडे कळलेच नाहीत. २ सप्टेंबरला युरोपीय संस्थेने भेटीच्या अर्ध्या प्रदक्षिणेआधी एओलसची इंजिनं चालवली आणि तो स्टारलिंकच्या वरून सुखरूप गेला. वर्तमानपत्रांनी याचं भांडण रंगवलं. मला त्यातली वेगळीच गोष्ट बोचते. कक्षेतल्या दोन यंत्रांमध्ये कोणी बाजूला व्हायचं, हे ईमेलवर ठरत होतं, कारण ठरवायला दुसरी जागाच नव्हती. विमानांसाठी आकाशात नियम आहेत, समुद्रात कोणत्या जहाजाने कोणाला वाट द्यायची हे ठरलेलं आहे. कक्षेत असा एकही बंधनकारक नियम नाही. १९७२ चा दायित्व करार आहे, पण तो नुकसान झाल्यावर दोष कोणाचा एवढंच विचारतो.

आणि सहकार्य जमू शकतं, हे त्यानंतर दोन वर्षांनी चंद्राजवळ दिसलं. चांद्रयान-२ चा ऑर्बिटर आणि नासाचा लूनार रिकॉनिसन्स ऑर्बिटर दोन्ही चंद्राच्या ध्रुवांवरून फिरतात, त्यामुळे दोघांच्या वाटा ध्रुवांपाशी एकमेकींना छेदतात. २० ऑक्टोबर २०२१ रोजी सकाळी सव्वाअकराच्या सुमारास चंद्राच्या उत्तर ध्रुवाजवळ ते एकमेकांच्या जवळ येणार होते. आठवडाभर आधीपासून इस्रोचे आणि नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीचे आकडे एकमेकांशी जुळत होते: उंचीतला फरक शंभर मीटरहून कमी, किमान अंतर सुमारे तीन किलोमीटर. कार्टोसॅटच्या वेळेसारखे दोन आकडे नव्हते, कारण दोघांनी आपापल्या कक्षा एकमेकांना दाखवल्या होत्या. कोण हलणार हेही ठरवलं. १८ ऑक्टोबरच्या रात्री आठ वाजून २२ मिनिटांनी चांद्रयान-२ ने आपली वाट बदलली.

पृथ्वीभोवतीही इस्रो हे काम नेमाने करते. २०२२ मध्ये भारतीय उपग्रहांना टक्कर टाळण्यासाठी २१ वेळा हलवावं लागलं, २०२३ मध्ये २३ वेळा, २०२४ मध्ये १० वेळा. बंगळुरूला जुलै २०२२ मध्ये या कामासाठी ‘आयएसफोरओएम’ हे स्वतंत्र केंद्र सुरू झालं. श्रीहरिकोट्याला एकाच वेळी दहा वस्तूंचा माग काढणारं रडार आहे, आणि ‘नेत्र’ या प्रकल्पातून आणखी रडारं आणि दुर्बिणी उभ्या राहायच्या आहेत. प्रक्षेपणाच्या वेळीही हाच हिशेब लागतो. १४ जुलै २०२३ रोजी चांद्रयान-३ चं उड्डाण चार सेकंद पुढे ढकललं गेलं, कारण ठरल्या क्षणी निघालं असतं तर वाटेत कुठल्या तरी वस्तूच्या जवळून जावं लागलं असतं. त्याच महिन्याच्या ३० तारखेला पीएसएलव्ही-सी५६ एक मिनिट उशिरा सुटलं. देशभर टीव्हीसमोर बसलेल्या लोकांना त्या चार सेकंदांचा पत्ताही लागला नाही, आणि त्यांच्यामागचं काम मला उड्डाणाइतकंच अभिमानास्पद वाटतं. नेत्रवर खर्च होणारा पैसा हा चैनीचा खर्च नाही, हे वरच्या तीन पायऱ्यांच्या उदाहरणावरून कळावं. स्वतःचे डोळे नसले तर अमेरिकेहून येणारा तक्ताच आपलं सारं ज्ञान, आणि त्यातली चूक हीच आपली चूक.

अर्थात हे सगळं हलू शकणाऱ्या उपग्रहांचं झालं. कक्षेतल्या बहुतेक वस्तू हलू शकत नाहीत. २८ फेब्रुवारी २०२४ रोजी नासाचा टाइम्ड हा उपग्रह आणि रशियाचा निकामी कॉसमॉस-२२२१ सुमारे ६०० किलोमीटर उंचीवर एकमेकांजवळून गेले. टाइम्ड वरच्या वातावरणाचा अभ्यास करत होता, चांगला चालू होता, पण त्याच्यावर इंजिनच नाही. दोन्ही बाजूंना करण्यासारखं काही नव्हतं. नंतरच्या विश्लेषणात अंतर दहा मीटरपेक्षाही कमी निघालं. आदळले असते तर २००९ ची पुनरावृत्ती झाली असती. आणि रडारला नीट न दिसणारे तुकडे वेगळेच. एक ते दहा सेंटिमीटरचे तुकडे बारा लाखांच्या घरात असावेत, असा युरोपीय अवकाश संस्थेचा हिशेब आहे. त्यांच्याबद्दल कुठलाही संदेश येत नाही. त्यांच्याहूनही लहान, काही मिलिमीटरचा एक कण ऑगस्ट २०१६ मध्ये सेंटिनेल-१ए च्या सौर पंखावर आदळला आणि ४० सेंटिमीटर रुंदीचा भाग बिघडवून गेला. वीज किंचित कमी झाली, उपग्रह हलला, आणि कॅमेऱ्याने काढलेल्या छायाचित्रात तो डाग दिसल्यावरच काय झालं ते कळलं.

हा कचरा किती काळ राहणार, हे उंचीवर आहे. खालच्या कक्षांतला हवेच्या अडथळ्याने लवकर उतरतो. २ एप्रिल २०२२ च्या संध्याकाळी विदर्भात आकाशातून जळत जाणारे पट्टे लोकांनी पाहिले, आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात एक मोठं धातूचं कडं पडलेलं सापडलं. ते चिनी लाँग मार्च रॉकेटच्या टप्प्याचे अवशेष असल्याचं अभ्यासकांनी जुळवलं. सुदैवाने कुणी जखमी झालं नाही. २७ मार्च २०१९ च्या ‘मिशन शक्ती’त भारताने आपलाच उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला तो सुमारे ३०० किलोमीटरवर, मुद्दाम खाली, कचरा लवकर उतरावा म्हणून. बहुतेक उतरला, पण काही तुकडे वर फेकले गेले आणि वर्षाहून जास्त काळ फिरत राहिले. उंची कमी ठेवली हे बरं झालं, तरी तो प्रयोग पुन्हा होऊ नये असं मला वाटतं. चीनने जानेवारी २००७ मध्ये आपला फेंगयुन-१सी हवामान उपग्रह ८६५ किलोमीटरवर फोडला. त्याचे तीन हजारांहून जास्त तुकडे यादीत आले आणि त्यातले बहुतेक अजून तिथेच आहेत. आठशे किलोमीटरच्या वरच्या वस्तू खाली यायला शंभर वर्षंही अपुरी पडतात. १९७८ साली नासाचे डोनाल्ड केसलर आणि बर्टन कूर-पॅले यांनी दाखवून दिलं होतं, की अशा उंचीवर एक टक्कर पुढच्या टक्करींचा दारूगोळा तयार करते. टक्कर टाळण्याच्या हालचाली ही साखळी लांबणीवर टाकतात. ती तोडायची तर निकामी वस्तू वर राहू द्यायच्याच नाहीत. इस्रोने कार्टोसॅट-२ चं उरलेलं इंधन तो खाली आणण्यासाठी खर्च केलं. आपोआप उतरायला त्याला सुमारे तीस वर्षं लागली असती, तो १४ फेब्रुवारी २०२४ रोजी हिंदी महासागरावर जळून गेला. २०३० पर्यंत सगळ्या भारतीय मोहिमा कचरामुक्त करायचं उद्दिष्ट इस्रोने जाहीर केलं आहे. त्यात खाजगी कंपन्याही धरल्या आहेत, हे महत्त्वाचं.

राहिला प्रश्न वाट कोणी द्यायची याचा. मार्च २०२१ मध्ये नासा आणि स्पेसएक्सने एक करार केला. नासाच्या उपग्रहाशी जवळीक होणार असेल तर स्टारलिंकनेच बाजूला व्हायचं, आणि नासाने जागचं हलायचं नाही. दुसरं कलम वरवर विचित्र वाटतं, पण तेच कळीचं आहे. एक यंत्र आपोआप वाट बदलत असताना दुसऱ्यानेही बदलली, तर दोघं एकाच बाजूला सरकून एकमेकांवर यायची भीती असते. अशा यंत्रांना शेजारी कुठे जाणार आहे हे आधी कळलं पाहिजे, म्हणून दर काही तासांनी प्रत्येकाने आपली पुढची नियोजित वाट, तिच्यातल्या चुकीच्या मापासह, सर्वांसाठी खुली ठेवणं हा सर्वांत साधा उपाय आहे. तो आजही ऐच्छिक आहे. नासा-स्पेसएक्ससारखे करार दोन-दोन पक्षांचे आहेत, आणि ज्यांच्यात करार नाही अशा शेकडो मालकांच्या उपग्रहांसाठी पुढची भेट अजूनही ईमेल आणि फोनवरच ठरणार आहे. भारत आता पृथ्वीभोवतीच्या सगळ्या कक्षा मिळून पन्नासेक चालू उपग्रहांचा मालक आहे, खाजगी कंपन्यांचे येऊ लागलेत, आणि संयुक्त राष्ट्रांच्या बाह्य अवकाश समितीत आपल्या शब्दाला वजन आहे. वाट खुली ठेवण्याचा हा नियम तिथे मांडायला आपण दुसऱ्या कुणाची वाट पाहण्याचं कारण नाही.